कंगव्याचा रकाना

आमच्याकडे खाटांची वही होती.
तिला शिसपेन्सिल बांधलेली, बँडेजच्या चिंधीने.
पेनने लिहायचं नाही, हे मला जोगळेकर सिस्टरांनी
पहिल्याच दिवशी बजावलं होतं:
खाटेवरचं नाव खोडता आलं पाहिजे.

एकोणतीस वर्षं खोडलं.

आता काउंटरवर पडदा आहे.
हिरवी खाट रिकामी, लाल भरलेली,
आणि पिवळी म्हणजे
यंत्राला काहीतरी वाटतंय.
काय वाटतंय, तर
खाट सतरा, उद्या अकरापर्यंत रिकामी,
शक्यता ब्याऐंशी टक्के.

खरं सांगते, बहुतेक बरोबर निघतं.
वाकडेवाडीच्या सिग्नलला अडकलेल्या अँब्युलन्सला
मी आता "बघते, थांबा" म्हणत नाही.
"या" म्हणते.
मंचरची एक बाळंतीण गेल्या मंगळवारी
दारातून थेट वरच्या मजल्यावर गेली.
पूर्वी जिन्याखालच्या बाकड्यावर कळा मोजत बसली असती,
आणि मी वही चाळत.
एवढ्यासाठी यंत्राचे दोन-चार अपराध पोटात घातले.

पण रिकामी म्हणजे कशी रिकामी?
स्वतःच्या पायांनी,
की चौघांच्या खांद्यावरून?
ते त्यात येत नाही.
यंत्राला खाट दिसते.

दर गुरुवारी बाणेरहून निनाद येतो,
गळ्यात पट्टा, पाठीला सॅक.
म्हणाला, मावशी, तुम्ही कसं ओळखायचात?
मी म्हटलं, अरे, माणूस बरा व्हायला लागला
की आधी इथल्या चहाला नावं ठेवतो.
मग शेजारच्या खाटेवरच्याला औषधं सुचवतो.
मग कंगवा मागतो.
कंगवा मागितला की समज, दुसऱ्या दिवशी रिक्षा येणार.

तो हसला नाही. टाइप करत राहिला.
पुढच्या गुरुवारी पडद्यावर नवा रकाना:
कंगवा मागितला, हो की नाही.
पोरी खूप हसल्या.
मग भरायला लागल्या.

खाट सतरा, उत्तम घोलप, दांडेकर पूल,
टेम्पोवाला, छातीत पाणी झालेलं.
सकाळी ड्युटीवर आले तर रकान्यात "हो".
पहाटे साडेचारची नोंद, रात्रपाळीच्या शर्वरीची, घाईतली.
आकडा ब्याऐंशीवरून एक्याण्णववर.
मला इतकं बरं वाटलं
की कँटीनमधून दोन चहा घेऊन मी वर गेले.

कंगवा बायकोने मागितला होता.
ती त्याचा भांग पाडत होती,
डावीकडून, मग पुसून पुन्हा डावीकडून.
डोळे मिटवून झाले होते.

दहा चाळीसला खाट रिकामी झाली.
यंत्र चुकलं नाही.
चहाचं काय झालं, आठवत नाही.

मग तुळशीराममामांनी गादी उभी केली,
फिनाईल मारलं,
आणि नेहमीसारखी नदीकडची खिडकी उघडून
नुसते उभे राहिले.
पडद्यावर लाल अक्षरं:
विलंब बारा मिनिटं. कारण भरा.
मामांनी कारण कधीच भरलेलं नाही.
तेहतीस वेळा विलंब, तेहतीस वेळा कोरं.

गुरुवारी निनादने ते तेहतीस कोरे चौकोन उघडून ठेवले.
मामांना विचारलं, काय करता त्या वेळात?
मामा म्हणाले, काही नाही.
वारा येऊ देतो.

त्याने बराच वेळ बोटं किबोर्डवर ठेवली, दाबली नाहीत.
मग "कारण" हा शब्दच काढून टाकला,
आणि कंगव्याच्या रकान्याखाली
बारीक अक्षरांत लिहिलं: कोणी?

तेव्हापासून पडदा प्रत्येक खाटेला
बारा मिनिटं जास्तीची देतो.
चहाला नावं ठेवत घरी गेलेल्यांच्या खाटेलाही.
वाघोलीहून फोन येतो, जागा आहे का म्हणून.
वर खिडकी उघडल्याचा आवाज होतो.
मी म्हणते, आहे.
या.
पेन्सिल अजून ड्रॉवरमध्ये आहे, टोक काढलेली.